रसायनशास्त्राचे संशोधन वाङ्मय : विद्यापीठ ग्रंथालयातील शोधाची वाट

विज्ञानाचे ज्ञान प्रयोगशाळेत जन्म घेते. परंतु ते टिकते आणि इतरांच्या उपयोगी पडते ते ग्रंथालयामुळे. एखाद्या रसायनतज्ज्ञाने केलेला प्रयोग नियतकालिकात छापला गेला, त्याची नोंद सूचीत झाली आणि ती सूची जिज्ञासूच्या हाती पडली, म्हणजेच त्या प्रयोगाचे सार्थक होते. या साखळीतील शेवटचा दुवा बहुधा दुबळा असतो. माहिती उपलब्ध असते, तिच्यासाठी शासनाचा निधीही खर्च होत असतो. पण ती नेमकी कोठे आहे आणि तिच्यापर्यंत कसे पोचावे हे ठाऊक नसल्यामुळे शिक्षक, अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य तिच्यापासून दूर राहतात. रसायनशास्त्राचे वाङ्मय हे आपले काम नव्हे, ते प्राध्यापकांचे काम, असाही एक समज रूढ आहे.

हा समज किती महाग पडू शकतो, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आदी जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ नुसार, लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास प्रथम दातांवर डाग पडतात आणि प्रमाण फार असेल तर हाडे व सांधे ताठरतात. समजा, एखाद्या गावाच्या कूपनलिकेचा अहवाल लिटरमागे ३ मिलिग्रॅम असा आला. लगेच निरनिराळ्या यंत्रांचे व गाळण्यांचे विक्रेते ग्रामपंचायतीच्या दारी येतात. प्रत्येकाजवळ रंगीत माहितीपत्रक असते आणि प्रत्येकाची पद्धत ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असते. ते सिद्ध कोणी केले, कोणत्या पाण्यावर केले आणि पुढे कोणी ते तपासले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत. ती संशोधन वाङ्मयात सापडतात.

प्रस्तुत लेखात हेच उदाहरण हाती घेऊन विद्यापीठ ग्रंथालयातून रसायनशास्त्राच्या वाङ्मयाचा शोध कसा घ्यावा, हे क्रमाने पाहू.

वाङ्मयाचे तीन थर

रसायनशास्त्राच्या वाङ्मयाचे स्थूलमानाने तीन थर आहेत. पहिला थर मूळ संशोधनाचा होय. नियतकालिकांतील शोधनिबंध, विद्यापीठांना सादर झालेले प्रबंध, परिषदांची कार्यवृत्ते आणि एकस्वांची विवरणपत्रे ही यात येतात. प्रयोग करणाऱ्याने स्वतः काय केले व त्याला काय आढळले, याचे निवेदन येथे असते.

दुसरा थर या मूळ लेखनाची नोंद ठेवणाऱ्या सूचींचा व लेखसारांचा, तसेच आढावा-लेखांचा. कोणत्या विषयावर कोणी, कोठे, केव्हा लिहिले हे सूची सांगते. आढावा-लेख त्या लेखनाची छाननी करून एकूण चित्र उभे करतो.

तिसरा थर स्थिरावलेल्या ज्ञानाचा. पाठ्यपुस्तके, ज्ञानकोश, कोश व हस्तपुस्तिका यांचा यात समावेश होतो. रसायनांचे गुणधर्म थोडक्यात देणारा ‘मर्क इंडेक्स’ १८८९ पासून, तर रसायनशास्त्र व भौतिकी यांची प्रसिद्ध ‘सीआरसी हँडबुक’ ही हस्तपुस्तिका १९१३ पासून निघत आली आहे. औद्योगिक रसायनांसाठी ‘किर्क-ऑथमर’ व ‘उलमान’ हे बहुखंडी ज्ञानकोश प्रमाण मानले जातात. पाणी तपासण्याच्या पद्धतींसाठी ‘स्टँडर्ड मेथड्स’ हा अमेरिकन ग्रंथ १९०५ पासून आवृत्त्या बदलत चालू आहे. आपल्याकडे आयएस ३०२५ ही मानकमाला असून तिचा ६० वा भाग फ्लोराइडच्या मापनासाठी आहे.

नवख्या वाचकाने शोध तिसऱ्या थरापासून सुरू करावा, तेथून दुसऱ्याकडे आणि शेवटी पहिल्याकडे जावे. याउलट जो थेट मूळ शोधनिबंधांत शिरतो, तो शेकडो शीर्षकांच्या गर्दीत हरवतो. मराठी वाचकाला या पहिल्या पायरीवर दोन साधने घरचीच आहेत. विषयाची ओळख करून घेण्यासाठी मराठी विश्वकोशातील नोंदी वाचाव्यात. आणि मराठी संज्ञेचा इंग्रजी पर्याय कोणता, हे भाषा संचालनालयाच्या रसायनशास्त्र परिभाषा कोशात पाहावे. पुढील सर्व शोध इंग्रजी शब्दांनीच घ्यावा लागत असल्यामुळे ही तयारी आवश्यक होय.

ग्रंथालयात फडताळांकडे जाताना वर्गांकाची थोडी ओळख असावी. ड्यूई दशांश पद्धतीत ५४० हा रसायनशास्त्राचा अंक असून ५४३ वैश्लेषिक, ५४६ अकार्बनी व ५४७ कार्बनी रसायनशास्त्राचा आहे. परंतु पाणीपुरवठ्याचे ग्रंथ ६२८.१ या अभियांत्रिकीच्या अंकाखाली असतात. आपला प्रश्न रसायनाचा असला, तरी त्याचे उत्तर दुसऱ्याच दालनात ठेवलेले असू शकते. पाण्यातील फ्लोराइडच्या बाबतीत तसेच घडते; आणि आरोग्यविषयक परिणाम पाहावयाचे तर वैद्यकाच्या दालनातही जावे लागते. भारतात हाडांच्या फ्लोराइडजन्य विकाराचे मूळ वर्णन १९३७ साली शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील रुग्णांवरून केले, ते वैद्यकीय नियतकालिकातच.

प्रश्न नेमका करावा

‘फ्लोराइडविषयी माहिती हवी’ हा प्रश्न नव्हे, ती केवळ इच्छा होय. सूचीला अशी इच्छा सांगितली तर ती दंतमंजनापासून ॲल्युमिनियमच्या कारखान्यापर्यंत सर्व काही समोर ओतते. यास्तव ग्रंथालयात जाण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहून काढावा. त्यात चार गोष्टी याव्यात : पदार्थ कोणता, तो कशात आहे, त्याचे काय करावयाचे आहे आणि कोणत्या परिस्थितीत. उदाहरणार्थ, ‘लिटरमागे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले कूपनलिकेचे पाणी वीज नसताना, गावपातळीवर, पिण्यायोग्य कसे करता येईल?’ या वाक्यातील प्रत्येक शब्दाला पुढे काम आहे. ‘वीज नसताना’ या दोन शब्दांनीच दाबाखाली पटलातून पाणी गाळणाऱ्या अनेक पद्धती बाजूला पडतात.

त्यानंतर या वाक्यातून इंग्रजी शोधशब्द निवडावेत आणि प्रत्येकाचे पर्यायी शब्द त्याच्यापुढे मांडावेत. ‘फ्लोराइड रिमूव्हल’ या शब्दांनी जे लेख सापडतील, त्याखेरीज ‘डिफ्लोरिडेशन’ या शब्दाने आणखी सापडतील. ‘ड्रिंकिंग वॉटर’ शोधणाऱ्याने ‘ग्राउंडवॉटर’ हाही शब्द शोधून पाहावा. इंग्रजी वर्णलेखनातील भेदांनीही लेख निसटतात. अमेरिकन लेखक ‘ॲल्युमिनम’ लिहितात, ब्रिटिश व भारतीय लेखक ‘ॲल्युमिनियम’. ‘सल्फेट’ या शब्दात कोणी ‘एफ’ वापरतात, तर कोणी ‘पीएच’. म्हणून दोन्ही रूपे ‘अथवा’ या अर्थाच्या ‘ऑर’ने जोडावीत. निरनिराळ्या कल्पना ‘आणि’ या अर्थाच्या ‘अँड’ने जोडाव्यात, नको असलेला विषय ‘नॉट’ने वगळावा. ‘ऑर’मुळे जाळे रुंद होते, ‘अँड’मुळे ते आवळले जाते. ‘नॉट’ मात्र जपून वापरावा. ‘टूथपेस्ट’ हा शब्द वगळताना ज्या लेखात तो सहज एकदा आला आहे, असा उपयुक्त लेखही हातचा जातो.

संस्थांची नावेही काळानुसार बदलतात. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वपरिचित ‘नीरी’, १९५८ साली स्थापन झाली ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने. आजचे नाव तिला १९७४ साली मिळाले. जो केवळ ‘नीरी’ हेच नाव शोधील, त्याला संस्थेचे पहिल्या सोळा वर्षांचे काम सूचीत सहजी दिसणार नाही.

पदार्थाचे नाव व त्याचा क्रमांक

रसायनशास्त्रात शोध घेणाऱ्याची एक खास अडचण आहे. एकाच पदार्थाला अनेक नावे असतात. बाजारात जी तुरटी म्हणून मिळते, तिला इंग्रजी ग्रंथांत ‘ॲलम’ म्हणतात. पण पाणी शुद्धीकरणाच्या लेखांत ‘ॲलम’ या शब्दाने पुष्कळदा पोटॅशियमविरहित ॲल्युमिनियम सल्फेट अभिप्रेत असते. नावावर विसंबून राहिल्यास एका पदार्थाची माहिती दुसऱ्याला लावली जाण्याचा संभव असतो.

या अडचणीवर अमेरिकन केमिकल सोसायटीच्या ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ या विभागाने १९६५ साली उपाय काढला. प्रत्येक पदार्थाला एक नोंदणी क्रमांक देण्यात आला. तो ‘कॅस क्रमांक’ या नावाने ओळखला जातो. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५, सोडियम फ्लोराइडचा ७६८१-४९-४, तर फ्लोराइड आयनाचा १६९८४-४८-८ असा आहे. रसायनाच्या बाटलीवरील चिठ्ठीवर व सुरक्षा-पत्रकावर हा क्रमांक बहुधा छापलेला असतो.

या क्रमांकातील शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. तो अंक सोडून उरलेले अंक उजवीकडून डावीकडे घ्यावेत आणि त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ असे गुणून बेरीज करावी. बेरजेचा एकं स्थानचा अंक हाच शेवटचा अंक असला पाहिजे. पाण्याच्या बाबतीत ८ गुणिले १, १ गुणिले २, २ गुणिले ३, ३ गुणिले ४, ७ गुणिले ५ व ७ गुणिले ६ यांची बेरीज १०५ होते आणि क्रमांकाच्या शेवटी ५ आहे. माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही हा पडताळा करू शकतील. विक्रेत्याच्या पत्रकातील क्रमांक या कसोटीस उतरला नाही, तर तो क्रमांक चुकीचा आहे असे निःशंकपणे समजावे. क्रमांक बरोबर असल्यास तो ‘पबकेम’ या अमेरिकन शासनाच्या, २००४ पासून सर्वांस विनामूल्य खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये टाकावा; पदार्थाची पर्यायी नावे, रचना व गुणधर्म समोर येतात.

लेखसारांची परंपरा

रसायनशास्त्राइतकी शिस्तबद्ध सूची फार थोड्या शास्त्रांना लाभली आहे. जर्मनीत १८३० साली लेखसारांचे नियतकालिक सुरू झाले. ‘केमिशेस त्सेंट्रालब्लाट’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले ते प्रकाशन १९६९ पर्यंत चालले. कार्बनी संयुगांची बाइलश्टाइन यांची महासूची १८८१ पासून निघू लागली. १९०७ साली अमेरिकेत ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’चा आरंभ झाला. पहिल्या वर्षी त्यात सुमारे १२ हजार लेखसार होते. पुढे जगातील अनेक भाषांतील शोधनिबंध व एकस्वे यांचे इंग्रजी सार त्यात येऊ लागले. त्याच्या जाड खंडांनी एके काळी विद्यापीठ ग्रंथालयांची फडताळेच्या फडताळे व्यापली होती. लेखक, विषय, पदार्थ व रेणुसूत्र यांच्या स्वतंत्र सूची, आणि दर दहा व नंतर दर पाच वर्षांच्या एकत्रित सूची, हे त्याचे वैभव होते.

२०१० च्या आरंभी छापील ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ बंद झाले. तत्पूर्वी १९९५ सालीच त्याची संगणकीय वाट ‘सायफाइंडर’ या नावाने खुली झाली होती. शब्द, लेखक, कॅस क्रमांक किंवा रेणूची रेखाटलेली रचना यांपैकी कशानेही तीत शोध घेता येतो. बाइलश्टाइनचा वारसा २००९ पासून ‘रिॲक्सिस’कडे आला. या दोन्ही सेवांची वर्गणी मोठी असते. सर्वच विद्यापीठे त्या घेतात असे नाही, आणि जेथे त्या आहेत तेथे त्यांचा वापर ग्रंथालयाच्या नियमांनुसारच करावयाचा असतो.

सायफाइंडर उपलब्ध नसल्यास शोध थांबत नाही. २००४ साली सुरू झालेला ‘गूगल स्कॉलर’ सर्वांना मोफत आहे. मात्र त्यात पदार्थाच्या क्रमांकाची शिस्त नाही आणि चांगले-वाईट यांची निवडही नाही. म्हणून शब्द अधिक काळजीने निवडावे लागतात. भारतीय संशोधनासाठी आणखी दोन खजिने खुले आहेत. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या दिल्लीतील ‘निस्पर’ या संस्थेच्या नियतकालिक भांडारात ‘इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री’सारखी नियतकालिके वाचावयास मिळतात. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात भारतीय विद्यापीठांचे प्रबंध आहेत. प्रबंधाचे दुसरे प्रकरण बहुधा पूर्वसंशोधनाचा आढावा देते. नवख्या वाचकाला ते एकच प्रकरण दहा लेखांचे काम करून देते.

संदर्भाची ओळ आणि तिचे मागचे-पुढचे दोर

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. सूचीत शोध घेताच एक नोंद वारंवार भेटते : नवलाखे व सहकारी, ‘इंडियन जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ’, खंड १७, पृष्ठे २६ ते ६५, वर्ष १९७५. ही नोंद म्हणजे लेखाचा पूर्ण पत्ता होय. लेखक, नियतकालिक, खंड, पृष्ठ व वर्ष या पाच गोष्टी लिहून घेतल्या, की जगातील कोणत्याही ग्रंथालयात तो लेख मागता येतो. नियतकालिकांची नावे पुष्कळदा संक्षिप्त रूपात असतात. संक्षेपाचा अर्थ लावण्यासाठी ‘कॅसी’ ही सूची मोफत पाहता येते. २००० पासून लेखांना ‘डीओआय’ हा कायम ओळखक्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. तो असेल तर तोही टिपून ठेवावा.

हा लेख ‘नालगोंडा तंत्रा’विषयी आहे. नागपूरच्या नीरीने विकसित केलेल्या या तंत्राला आज तेलंगणात असलेल्या नालगोंडा जिल्ह्याचे नाव मिळाले. पाण्यात ॲल्युमिनियमचा क्षार, चुना व विरंजक चूर्ण घालून ढवळावयाचे, गाळ बसू द्यावयाचा आणि निवळ गाळून घ्यावयाची, असा त्याचा क्रम. साहित्य स्वस्त, विजेची गरज नाही, बादलीपासून टाकीपर्यंत कोणत्याही प्रमाणात करता येण्याजोगे. आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे वाटून वाचक येथेच वही मिटतो.

खरा शोध याच ठिकाणी सुरू होतो. प्रत्येक लेखाला दोन दोर असतात. लेखाच्या शेवटी दिलेले संदर्भ हा मागे जाणारा दोर. लेखक कोणाच्या खांद्यावर उभा आहे हे त्यावरून कळते. त्या लेखानंतर कोणी कोणी त्याचा उल्लेख केला, हा पुढे जाणारा दोर. हा दुसरा दोर हाती देणारी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली प्रसिद्ध केली. ‘वेब ऑफ सायन्स’ हे तिचेच आजचे रूप. २००४ पासून ‘स्कोपस’ही हेच काम करते, आणि गूगल स्कॉलरमध्ये लेखाखालील ‘सायटेड बाय’ या शब्दांवर बोट ठेवले की तीच सोय होते.

१९७५ च्या लेखाचा दोर धरून पुढे आले, की नंतरच्या संशोधकांनी घेतलेल्या हरकती दिसू लागतात. फ्लोराइडचा काही भाग गाळात न बसता ॲल्युमिनियमशी संयोग पावून पाण्यातच विरघळलेला राहतो, मात्रा चुकल्यास शुद्ध केलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम अधिक उरते, आणि बसलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते, असे मुद्दे त्यांनी मांडले आहेत. आयएस १०५०० मध्ये ॲल्युमिनियमलाही मर्यादा आहे : स्वीकारार्ह ०.०३ मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे हे तंत्र वापरणाऱ्या ग्रामपंचायतीने केवळ फ्लोराइड मोजून भागणार नाही. तंत्र टाकाऊ ठरत नाही. पण ते कुशल हाती, मोजूनमापून वापरावे लागते. ही एक गोष्ट कळणे गावाच्या आरोग्याच्या दृष्टीने मोलाचे आहे, आणि ती १९७५ चा एकच लेख वाचून कळत नाही.

निरनिराळ्या पद्धती एकत्र तोलून पाहावयाच्या असल्यास आढावा-लेख गाठावा. ‘केमिकल रिव्ह्यूज’ या अग्रगण्य नियतकालिकात २०१२ साली, खंड ११२, पृष्ठ २४५४ पासून, जगताप व सहकाऱ्यांचा पाण्यातील फ्लोराइड व त्याचे निवारण या विषयावरील आढावा प्रसिद्ध झाला आहे. हे कामही नागपूरच्या नीरीशी निगडित आहे. अवक्षेपण, अधिशोषण, आयनविनिमय व पटलपद्धती यांचा एकत्रित विचार अशा लेखांत मिळतो.

लेख प्रत्यक्ष हाती कसा येतो

सूचीत नोंद सापडणे आणि लेख वाचावयास मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक नियतकालिके वर्गणीखेरीज उघडत नाहीत. या बाबतीत अलीकडे एक महत्त्वाचा बदल झाला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके या योजनेत असून अमेरिकन केमिकल सोसायटी, एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर व वायली हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रकाशक त्यांत आहेत. केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक उच्च शिक्षण व संशोधन संस्थांसाठी ही योजना असून तिचे समन्वयन इन्फ्लिबनेटकडे आहे. पूर्वी जे नियतकालिक मोठ्या शहरातील एखाद्या संस्थेतच मिळे, ते आता जिल्ह्याच्या गावच्या शासकीय महाविद्यालयातही वाचता येते.

आपल्या संस्थेत लेख मिळत नसल्यास आणखी तीन मार्ग आहेत. पहिला, लेखकाने स्वतःच्या संस्थेच्या भांडारात ठेवलेली मुक्त प्रत शोधणे. दुसरा, ग्रंथपालामार्फत आंतरग्रंथालयीन देवघेव. १९८८ साली सुरू झालेले दिल्लीचे ‘डेलनेट’ हे जाळे या कामी उपयोगी पडते. तिसरा, लेखकाला विनम्र पत्र पाठवून प्रत मागणे. शास्त्रज्ञांना आपला लेख कोणी वाचतो याचा आनंद असतो.

जुन्या लेखांसाठी छापील खंडांना पर्याय नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या, आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयास पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचे नाव आहे. आज ते जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणून ओळखले जाते. अशा ग्रंथालयांतील बांधीव खंडांत अनेकदा तोच लेख मिळतो, जो पडद्यावर कोठेही दिसत नाही. विद्यापीठाबाहेरील वाचकाला प्रवेशाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. यास्तव जाण्यापूर्वी ग्रंथपालास पत्र पाठवावे, कामाचे स्वरूप कळवावे व ओळखपत्र सोबत न्यावे. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या पत्रावर केलेल्या विनंतीचा विचार सहानुभूतीने होतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

लेख वाचताना घ्यावयाची काळजी

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावा लागत नाही. प्रथम शीर्षक व लेखसार, मग निष्कर्ष, मग कोष्टके, आणि उपयुक्त वाटल्यास प्रयोगाची पद्धत, असा क्रम सोयीचा पडतो. परंतु पद्धतीचा भाग कधीही गाळू नये, कारण निष्कर्षाची किंमत तेथे ठरते.

फ्लोराइड निवारणाच्या पुष्कळ प्रयोगांत ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराइड विरघळवून ‘कृत्रिम’ पाणी तयार केलेले असते. कूपनलिकेच्या पाण्यात मात्र बायकार्बोनेट, सल्फेट, फॉस्फेट हे इतर आयनही असतात, आणि ते अधिशोषकाच्या पृष्ठभागावर फ्लोराइडची जागा बळकावतात. पाण्याची आम्लता बदलली तरी परिणाम बदलतो. क्रियाशील ॲल्युमिना हा अधिशोषक किंचित आम्ल पाण्यात, पीएच ५ ते ६ च्या सुमारास, उत्तम काम करतो, तर भूजल बहुधा अल्कधर्मी असते.

याचा हिशेब करून पाहू. एका कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास दररोज ४० लिटर पाणी लागते असे धरू. फ्लोराइड ३ मिलिग्रॅमवरून १ मिलिग्रॅमवर आणावयाचे, म्हणजे रोज ८० मिलिग्रॅम काढावयाचे. कृत्रिम पाण्यावरील प्रयोगात एखाद्या पदार्थाची क्षमता ग्रॅममागे ८ मिलिग्रॅम दिली असेल, तर रोज १० ग्रॅम, वर्षाला सुमारे साडेतीन किलो पदार्थ पुरेल. गावच्या पाण्यात तीच क्षमता ग्रॅममागे १ मिलिग्रॅमवर आली, तर रोज ८० ग्रॅम, वर्षाला २९ किलो लागेल. खर्च आठपट झाला! निविदा मागवण्यापूर्वी हा हिशेब ज्या ग्रामसभेत मांडला जाईल, तिची फसगत होण्याचा संभव कमी.

लेखाच्या विश्वासार्हतेकडेही पाहावे लागते. पैसे घेऊन, समीक्षकांची तपासणी न करता काहीही छापणारी नियतकालिके पुष्कळ निघाली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ सूची २०२५ साली बंद झाल्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर व वाचकांवर आली आहे. संपादक मंडळ खरे आहे काय, समीक्षेची पद्धत सांगितली आहे काय, मान्यवर सूचींत नियतकालिकाची नोंद आहे काय, हे पाहावे. प्रसिद्ध झालेला लेखही पुढे दोष आढळल्यास मागे घेतला जातो. अशा लेखांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ ही नोंद २०२३ पासून सर्वांना खुली झाली आहे. महत्त्वाच्या निर्णयाचा आधार असलेला प्रत्येक लेख तेथे एकदा तपासून घ्यावा.

शोधाची वही

शोध घेणाऱ्याने एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला, कोणत्या सूचीत, कोणते शब्द घालून शोध घेतला आणि काय मिळाले, हे तीत लिहावे. प्रत्येक उपयुक्त लेखाचा पूर्ण पत्ता आणि त्याखाली चार ओळी स्वतःच्या शब्दांत : पाणी कोणते, पद्धत कोणती, निष्कर्ष काय, मर्यादा काय. सहा महिन्यांनी अधिकारी बदलला, सरपंच बदलले, तरी ही वही नव्या माणसाला पुढचे पाऊल टाकू देते. माध्यमिक व कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून अशी वही एका स्थानिक प्रश्नावर करवून घेतल्यास विज्ञानाचा तो उत्तम पाठ ठरेल.

ग्रंथपालाचे साहाय्य घेण्यास संकोच करू नये. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आपला एका वाक्यातला प्रश्न ग्रंथपालापुढे ठेवावा. कोणती सूची उपलब्ध आहे, कोणता खंड कोठे आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि वाचकाचे दोन दिवस वाचतात.

ग्रंथालयातील शोधाने शासकीय तपासणीची जागा घेतली जात नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. पाण्याचा नमुना मान्य प्रयोगशाळेत तपासून घेणे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घेणे आणि शक्य असल्यास फ्लोराइडमुक्त पर्यायी स्रोत शोधणे, हीच पहिली पावले होत. शुद्धीकरणाचा विचार त्यानंतरचा. परंतु तज्ज्ञांच्या बैठकीत बसताना ग्रामपंचायत सदस्याच्या हाती चार तपासलेले लेख असले, तर तो नुसता ऐकणारा राहत नाही. ‘हा प्रयोग कोणत्या पाण्यावर झाला?’ आणि ‘शुद्ध केलेल्या पाण्यातील ॲल्युमिनियम कोण मोजणार?’ हे दोन प्रश्न तो विचारू शकतो. गावातील मुलांच्या दातांवर व वडीलधाऱ्यांच्या सांध्यांवर पुढील वीस वर्षांत काय परिणाम होईल, हे काही अंशी या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे. ते प्रश्न विचारण्याचे बळ देणारी कपाटे आणि सूची आपल्या विद्यापीठांत आहेत. त्यांचा लाभ घेण्यासाठी शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी तेथवर गेले पाहिजे.